जुन्या जपानी स्पोर्ट्स कारची निगा आणि ताकदवाढ: कामाचा योग्य क्रम

निसानची फेअरलेडी झेड १९६९ मध्ये आली, टोयोटाची एई८६ १९८३ मध्ये, निसानचीच स्कायलाइन जीटी-आर आर३२ आणि माझदाची एमएक्स-५ १९८९ मध्ये, तर माझदाचीच आरएक्स-७ एफडी आणि टोयोटाची सुप्रा ए८० नव्वदच्या दशकाच्या पूर्वार्धात. या गाड्यांचा विषय निघाला की बोलणे लवकरच अश्वशक्तीवर येते, आणि त्याला आधारही आहे. १९८९ पासून २००४ पर्यंत जपानी कंपन्यांनी आपसातल्या समजुतीने आपल्या देशात विकायच्या गाड्यांची जाहीर ताकद २८० पीएसच्या (मेट्रिक अश्वशक्तीच्या) वर नेली नाही. काही इंजिने मात्र त्याहून बरेच अधिक सोसतील अशी घडवली. जीटी-आरचे आरबी२६डीईटीटी आणि सुप्राचे २जेझेड-जीटीई यांची कीर्ती या राखीव ताकदीवरच उभी आहे. परंतु ही राखीव ताकद नव्या गाडीत होती. आज यांतल्या सर्वांत तरुण गाडीनेही वीस वर्षे ओलांडली आहेत, आणि लोखंड शाबूत असले तरी रबर, प्लॅस्टिक आणि सील यांचे आयुष्य केव्हाच सरले आहे. म्हणून या लेखाचा सगळा रोख क्रमावर आहे: आधी गाडी कारखान्यातून निघाली तेव्हाच्या अवस्थेला आणावी, मग मोजमाप घ्यावे, मग सस्पेन्शन आणि ब्रेक, आणि ताकद सर्वांत शेवटी. हरवलेली कामगिरी परत मिळवणे हाच माझ्या मते पहिला आणि सर्वांत फायद्याचा बदल आहे.

आधी परीक्षा

सुरुवात पत्र्यापासून करावी. फेअरलेडीत बॅटरीखालचा ट्रे, फरशीचा पत्रा आणि त्याखालच्या चॅसीच्या पट्ट्या गंजतात. आर३२ मध्ये इंजिनाच्या खणातले पुढच्या सस्पेन्शनचे मनोरे आणि दाराखालच्या पत्र्याच्या पट्ट्या (सिल) तपासाव्यात. एमएक्स-५ मध्ये कापडी छताचे पाणी वाहून नेणारी छिद्रे तुंबली की तेच पाणी सिलच्या मागच्या टोकाला साचते आणि पत्रा आतून खाते. वरून जाड थर दिलेला दिसला तर त्यावर स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकून पाहावे. आवाज बोदा आला, तर तो थर काढल्याशिवाय पुढे जाऊ नये. ज्या ठिकाणी सस्पेन्शनचे बोल्ट बसतात तो पत्राच वाकत असेल, तर महागडे शॉक ॲब्सॉर्बर बसवून काहीही साधत नाही.

त्यानंतर इंजिनाची कॉम्प्रेशन चाचणी घ्यावी. इंजिन गरम, बॅटरी पूर्ण भरलेली, सगळे प्लग काढलेले, इंधन आणि इग्निशन बंद केलेले आणि थ्रॉटल पूर्ण उघडलेला, अशा स्थितीत प्रत्येक सिलिंडरचा आकडा लिहून घ्यावा. सिलिंडरा-सिलिंडरांत सुमारे दहा टक्क्यांहून जास्त फरक असेल, तर कमी आकड्याच्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजावे. आकडा वाढला तर रिंगा झिजल्या आहेत. वाढला नाही तर दोष व्हॉल्व्हमध्ये किंवा हेड गॅस्केटमध्ये आहे. नेमकी जागा शोधायची असेल, तर सिलिंडरमध्ये दाबाची हवा सोडून ती कोठून गळते ते ऐकावे: एक्झॉस्टमधून, इनटेकमधून, ऑइल भरायच्या तोंडातून, की रेडिएटरमध्ये बुडबुड्यांच्या रूपाने.

आरएक्स-७ च्या १३बी रोटरी इंजिनाला, ज्यात पिस्टनऐवजी तिकोनी रोटर फिरतो, हा साधा गेज फसतो. एका रोटरला तीन बाजू असतात आणि साधा गेज त्या तिन्हींतला सर्वांत मोठा आकडाच धरून ठेवतो, त्यामुळे रोटरच्या एका कोपऱ्याचे सील (एपेक्स सील) तुटलेले असूनही इंजिन निरोगी भासते. रोटरीसाठीचा खास टेस्टर तिन्ही बाजूंचे आकडे वेगळे दाखवतो आणि ते मिनिटाला २५० फेऱ्यांच्या प्रमाणित वेगावर आणून वाचले जातात. रोटरी गाडी विकत घेताना ही चाचणी झाली नसेल, तर विक्रेत्याचे बाकीचे सगळे बोलणे बाजूला ठेवावे.

ऑइलचा दाब पाहण्यासाठी गाडीतल्या जुन्या मीटरवर विसंबू नये. दाबाच्या सेन्सरच्या जागी तात्पुरता यांत्रिक गेज लावून गरम इंजिनाचा आयडलवरचा आणि चढत्या फेऱ्यांवरचा दाब घ्यावा आणि तो त्या इंजिनाच्या वर्कशॉप मॅन्युअलशी ताडून पाहावा. हे मॅन्युअल गाडीच्या आधी मिळवावे, असे म्हटले तरी चालेल.

रबर, पाणी, ऑइल आणि वायरिंग

टायमिंग बेल्टचे आयुष्य किलोमीटरइतकेच वर्षांतही मोजायचे असते. अनेक जपानी इंजिनांना १,००,००० किमीचा पल्ला सांगितलेला असला, तरी कधी बदलला याची नोंद नसलेला बेल्ट संपलाच असे धरावे. एई८६ मधले सोळा व्हॉल्व्हचे ४ए-जीई आणि पहिल्या एमएक्स-५ चे इंजिन यांत बेल्ट तुटला तरी व्हॉल्व्ह सहसा पिस्टनवर आपटत नाहीत. आरबी२६ आणि होंडा एनएसएक्सचे सी३०ए यांत ते आपटतात, आणि मग हेडसकट काम निघते. बेल्ट काढलाच आहे तर टेन्शनर, आयडलर, पाण्याचा पंप आणि कॅमशाफ्ट व क्रँकशाफ्टचे पुढचे सील त्याच वेळी बदलावेत. सुरुवातीच्या १.६ लिटर एमएक्स-५ मध्ये क्रँकशाफ्टचे पुढचे टोक आखूड होते. तिथला बोल्ट सैल राहिला तर चावीची खाच झिजते, पुली डगमगते आणि टायमिंग सरकते. त्या गाड्यांत हा बोल्ट टॉर्क पान्यानेच, मॅन्युअलमध्ये दिलेल्या टॉर्कला कसावा.

इंधनाचे जुने नळ इथेनॉलमिश्रित पेट्रोलने आतून मऊ होतात आणि बाहेरून ठणठणीत दिसतात. टाकीपासून इंजिनापर्यंतचे सर्व रबरी नळ एकदमच बदलावेत, आणि इंजेक्शनच्या गाडीला जास्त दाबाच्या इंजेक्शनसाठी बनवलेलाच नळ वापरावा. नळ काढण्यापूर्वी पंपाचा फ्यूज काढून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवले की बराचसा दाब उतरतो. तरीही जोडाभोवती कापड धरूनच तो सोडावा. आरएक्स-७ एफडीमध्ये दोन टर्बो एकापाठोपाठ चालवणारी यंत्रणा कित्येक बारीक व्हॅक्यूम नळ्यांवर अवलंबून आहे. इंजिनाच्या उष्णतेने या नळ्या काचेसारख्या कडक होतात, आणि ज्याला मालक टर्बोचा दोष समजतो तो पुष्कळदा एखाद्या फुटक्या नळीचा असतो. त्या सर्व नळ्या सिलिकॉनच्या घालाव्यात. काम कंटाळवाणे आहे, पण गाडी किती बदलते ते लगेच कळते.

उष्णतेकडे विशेष लक्ष द्यावे, कारण जुनी इंजिने ताकद वाढवल्याने जितकी मरतात तितकीच तापल्याने मरतात. रेडिएटरच्या प्लॅस्टिकच्या टाक्या, थर्मोस्टॅट, रेडिएटरची टोपी आणि पंख्याचा क्लच एकत्र तपासावेत. एफडीमध्ये पाण्यातली हवा वेगळी करणारी प्लॅस्टिकची छोटी टाकी जोडाशी तडकते. तिच्या जागी ॲल्युमिनियमची घालणे हा त्या गाडीचा जवळजवळ बंधनकारक बदल मानला जातो. कूलंट भरल्यावर गाडीचे नाक थोडे उचलून, हीटर पूर्ण उघडा ठेवून आणि हवा काढायचा स्क्रू असल्यास तो सोडून सगळी हवा बाहेर काढावी. हेडमध्ये राहिलेल्या हवेच्या एका फुग्यामुळे मीटर शांत दिसत असतानाही हेड वाकू शकते.

ऑइल निवडताना इंजिनाची रचना पाहावी. फेअरलेडीच्या एल मालिकेतल्या इंजिनात कॅम रॉकरवर घासत फिरतो, त्यामुळे जस्तयुक्त झिजरोधक पुरेसे असलेले ऑइलच त्याला मानवते. आजच्या गाड्यांसाठीच्या अनेक ऑइलमध्ये हे प्रमाण कमी केलेले असते. याच इंजिनाचे टॅपेट गरम असताना इनटेकला ०.२५ मिमी आणि एक्झॉस्टला ०.३० मिमी ठेवतात, आणि तेवढ्या एका कामाने आयडलही सुधारतो आणि पिकअपही. ४ए-जीईमध्ये हीच सेटिंग थंड इंजिनावर शिमने होते: इनटेकला ०.१५ ते ०.२५ आणि एक्झॉस्टला ०.२० ते ०.३० मिमी. रोटरी इंजिन स्वतःच्या रचनेनुसार थोडे ऑइल जाळतेच, कारण सीलला वंगण मिळावे म्हणून एक छोटा पंप ते आत सोडत असतो. ऑइल कमी होते म्हणून हा पंप बंद करणारा कारागीर भेटला तर गाडी तिथून हलवावी. अनेक मालक खबरदारी म्हणून पेट्रोलच्या टाकीतही टू-स्ट्रोकचे ऑइल थोड्या प्रमाणात घालतात. पितळी सिंक्रो असलेल्या जुन्या गिअरबॉक्समध्ये जीएल-४ की जीएल-५ हे मॅन्युअल पाहूनच ठरवावे. क्लच पद्धतीच्या लिमिटेड स्लिप डिफरन्शियलला तर त्याच्यासाठीचे वेगळे ऑइल लागते.

वायरिंगमध्ये दोन गोष्टी पाहाव्यात. पहिली अर्थिंग: बॅटरी, इंजिन आणि बॉडी यांना जोडणाऱ्या तारांची टोके घासून स्वच्छ करावीत, आणि इंजिन चालू असताना इंधन पंपाच्या टोकावर मिळणारा व्होल्टेज बॅटरीच्या व्होल्टेजशी ताडून पाहावा. तिथे एक व्होल्टही हरवत असेल तर पंप कमी पेट्रोल देतो, आणि भर बूस्टमध्ये, म्हणजे टर्बोने हवेचा दाब वाढवलेला असताना, मिश्रण पातळ होते (त्यात पेट्रोल कमी पडते). अशा गाडीत पंपाला रिले लावून बॅटरीपासून स्वतंत्र तार देण्याने जे साधते, ते मोठ्या पंपानेही साधत नाही. मात्र आयडलला पंपाचा व्होल्टेज कारखान्यातूनच कमी ठेवलेला असू शकतो, म्हणून मोजमाप भार असताना घ्यावे. दुसरी गोष्ट ईसीयू, म्हणजे इंजिनाचे इंधन आणि इग्निशन सांभाळणारा संगणक: ऐंशीच्या उत्तरार्धातल्या आणि नव्वदच्या दशकातल्या कित्येक ईसीयूंमधले कपॅसिटर गळतात आणि आतला द्रव सर्किट खातो. मित्सुबिशीच्या त्या काळातल्या गाड्यांत हा दोष नेहमीचा आहे. डबा उघडून पाहायला वेळ लागत नाही, आणि कपॅसिटर बदलणे नवा ईसीयू शोधण्यापेक्षा फार सोपे आहे.

सुट्या भागांची परिस्थिती पूर्वीपेक्षा बरी झाली आहे. निसानच्या निस्मो या स्पोर्ट्स शाखेने २०१७ मध्ये आर३२ जीटी-आरपासून जुन्या भागांचे पुनरुत्पादन सुरू केले, आणि टोयोटाने २०२० मध्ये जीआर हेरिटेज पार्ट्स या नावाने तेच केले. माझदाही पहिल्या एमएक्स-५ साठी काही भाग पुन्हा बनवते. सील, नळ आणि वायरिंगचे हार्नेस मिळत असतील तेव्हा घेऊन ठेवावेत. दिखाऊ भाग नंतरही मिळतात.

वळणे आणि ब्रेक

सस्पेन्शनच्या सांध्यांतल्या तीस वर्षांच्या रबरी बुशवर नवे कॉइलओव्हर (स्प्रिंग आणि शॉक ॲब्सॉर्बर यांचा एकत्र संच) बसवणे ही सर्वांत जास्त दिसणारी चूक आहे. आधी बुश, बॉल जॉइंट आणि स्टिअरिंगचे सांधे बदलावेत. रबरी बुश बसवताना त्यांचे बोल्ट गाडी जॅकवर लटकलेली असताना अंतिम कसू नयेत. चाकांवर वजन आल्यावर, गाडी आपल्या उंचीला बसली की मगच कसावेत. असे न केल्यास रबर कायम पिळलेल्या अवस्थेत राहते आणि थोड्याच काळात फाटते. सर्वत्र पॉलियुरेथेन घालण्याचा मोह होतो, पण ज्या आर्मला एकाहून जास्त दिशांनी हलावे लागते तिथे कडक बुश हालचालच अडवतो. रस्त्यावर चालणाऱ्या गाडीला मूळ रबर किंवा किंचित कडक रबर पुरते, असे माझे ठाम मत आहे.

उंची कमी करताना भूमितीचे भान ठेवावे. फेअरलेडी आणि एई८६ या दोन्हींना पुढे मॅकफर्सन स्ट्रट आहेत. गाडी फार खाली आणली की खालचा आर्म बाहेरच्या टोकाकडे वर चढतो, रोल सेंटर (ज्या बिंदूभोवती गाडी कलते तो) गुरुत्वमध्यापेक्षा जास्त वेगाने खाली जातो, आणि गाडी दिसायला चपळ पण वळणात जास्त कलणारी होते. स्ट्रट आणि बॉल जॉइंट यांच्यामध्ये बसणारे स्पेसर हा त्यावरचा उपाय आहे. एई८६ च्या मागे अखंड ॲक्सल असून त्याला आडवा धरणारा एक रॉड आहे. उंची बदलली की तो रॉड ॲक्सलला एका बाजूला ओढतो, म्हणून कमीजास्त करता येणारा रॉड बसवून ॲक्सल पुन्हा मध्यावर आणावा. हे सगळे झाल्यावर चारही चाकांची अलाइनमेंट चालकाएवढे वजन आत ठेवून करावी.

ब्रेकमध्ये मोठ्या डिस्कपेक्षा आधी ताजे द्रव, नवे होस आणि योग्य पॅड घालावेत. डॉट ३ द्रवाचा किमान उत्कलनबिंदू कोरडा असताना २०५ अंश सेल्सियस आणि पाणी शोषल्यावर १४० अंश असतो. डॉट ४ साठी हेच आकडे २३० आणि १५५, आणि डॉट ५.१ साठी २६० आणि १८० आहेत. म्हणजे जुने झालेले उत्तम द्रव ताज्या साध्या द्रवापेक्षाही लवकर उकळते. सिलिकॉनचे डॉट ५ यांत कधीही मिसळू नये. कॅलिपरचे सील आणि पिस्टन दुरुस्त केले, तर मूळ ब्रेक मूळ ताकदीला आणि थोड्याफार वाढीलाही पुरतात.

ताकद

टर्बो नसलेल्या इंजिनांत फायदा थोडा आणि खर्च बराच असतो, हे आधीच मान्य करून उतरावे. एल मालिकेच्या इंजिनाला तिहेरी मिकुनी किंवा वेबर कार्ब्युरेटर लावतात. त्यांचा आवाज अप्रतिम असतो, पण ते व्हेंचुरी आणि जेट मोजून बसवले नाहीत आणि तिन्हींतून जाणारी हवा गेजने सारखी केली नाही, तर ते मूळ दोन कार्ब्युरेटरच्या जोडीपेक्षा वाईट चालतात. कॅम, कॉम्प्रेशन, कार्ब्युरेटर आणि एक्झॉस्ट यांची निवड एकाच फेऱ्यांच्या पट्ट्यासाठी झाली पाहिजे. ४ए-जीईच्या बाबतीत १९९१ मध्ये आलेल्या वीस व्हॉल्व्हच्या आवृत्तीला कारखान्यातूनच प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र थ्रॉटल आहे, आणि जुन्या इंजिनावर सुटे भाग चढवत बसण्यापेक्षा ते इंजिन बसवणे पुष्कळदा शहाणपणाचे ठरते. फक्त बेल्ट तुटल्यास या आवृत्तीचे व्हॉल्व्ह वाचत नाहीत.

टर्बोच्या गाडीत बूस्टची कळ फिरवणे सोपे असते आणि धोका तिथेच आहे. त्याआधी गाडीत वाइडबँड ऑक्सिजन सेन्सर (हवा आणि पेट्रोल यांचे प्रमाण सांगणारा), बूस्टचा गेज आणि ऑइल व पाण्याच्या तापमानाचे विश्वासू मीटर असावेत. वजनाने पेट्रोलच्या एका भागाला हवेचे १४.७ भाग हे रासायनिक संतुलन झाले; पूर्ण थ्रॉटलला टर्बो नसलेले इंजिन साधारण १२.५ ते १३ वर आणि टर्बोचे ११ ते ११.८ वर ठेवतात, तर टर्बो रोटरीला त्याहूनही गडद, म्हणजे जास्त पेट्रोलचे, मिश्रण देतात. जपानमध्ये हाय-ऑक्टेन म्हणून विकले जाणारे पेट्रोल साधारण १०० रॉनचे (ऑक्टेनचे माप) असते आणि तिथल्या बाजारासाठीच्या या गाड्यांचे मूळ मॅप (ईसीयूतली इंधन आणि इग्निशनची कोष्टके) त्यावर बेतलेले आहेत. ९५ रॉनवर चालणाऱ्या अशा गाडीचे इग्निशन टायमिंग मूळ बूस्टवरही तपासून घ्यावे. तिथे आणखी बूस्ट चढवणे म्हणजे नॉकिंगला, मिश्रण अवेळी भडकण्याला, आमंत्रण.

प्रत्येक इंजिनाचा कच्चा दुवा वेगळा असतो आणि तो माहीत असल्याशिवाय पाना उचलू नये. आरबी२६ च्या मूळ टर्बोत सिरॅमिकची टर्बाइन चाके आहेत. बूस्ट सुमारे १ बारच्या वर नेला की ती फुटतात, म्हणून आधी पोलादी चाकांचे टर्बो घालावेत. सुरुवातीच्या आर३२ मध्ये ऑइल पंपाला फिरवणारी क्रँकवरची पकड अरुंद आहे आणि जास्त फेऱ्यांवर पंपाचा गिअर तुटतो. शिवाय ऑइल हेडमध्ये साचून खाली परतायला वेळ लावते. त्यावर रुंद पकडीची कॉलर, मजबूत पंप, हेडकडे जाणाऱ्या ऑइलवर रिस्ट्रिक्टर आणि मोठा सम्प असे एकत्रित काम करतात. २जेझेड-जीटीईचा लोखंडी ब्लॉक (बोअर आणि स्ट्रोक दोन्ही ८६ मिमी) फार सोसतो, पण जपानी बाजारातल्या सुप्राच्या टर्बोतही सिरॅमिक चाके आणि ४४० सीसीचे इंजेक्टर होते, तर निर्यातीच्या गाड्यांत पोलादी चाके आणि ५५० सीसीचे. एकीचा बूस्ट दुसरीला जसाच्या तसा लावता येत नाही.

रोटरीचा मामला सर्वांत नाजूक आहे. एफडीला फक्त मोकळा एक्झॉस्ट लावला, बाकी काहीही केले नाही, तरी मूळ वेस्टगेट (जादा वायू टर्बोला वळसा घालून सोडणारी झडप) वाढलेला प्रवाह आवरू शकत नाही आणि बूस्ट आपोआप चढतो. पिस्टन इंजिन नॉकिंगचे काही झटके सहन करते, रोटरीचे एपेक्स सील एकाच झटक्यात तुटू शकते. म्हणून या गाडीत एक्झॉस्टच्या आधी वेस्टगेटचे पोर्टिंग, इंधन आणि ईसीयूचा मॅप येतो. प्रत्येक रोटरचे लीडिंग आणि ट्रेलिंग असे दोन प्लग वेगवेगळ्या हीट रेंजचे, मुळात ७ आणि ९ चे असतात; त्यांची अदलाबदल करू नये.

नवा ईसीयू घातला तर सुरुवातीचा मॅप गडद मिश्रणाचा आणि कमी टायमिंगचा ठेवावा आणि डायनोवर (ताकद मोजणाऱ्या यंत्रावर) टप्प्याटप्प्याने पुढे जावे. एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि प्रत्येक बदलाआधीचा व नंतरचा लॉग जपून ठेवावा. ताकद वाढली की क्लच, डिफरन्शियल आणि मागचे ड्राइव्हशाफ्ट आपापला नंबर लावतात. त्यांची तरतूद पहिल्याच अंदाजपत्रकात असावी. उत्सर्जन आणि आवाजाचे स्थानिक नियमही आधीच पाहावेत, कारण कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढलेली गाडी कित्येक देशांत रस्त्यावर आणता येत नाही.

पहिल्या काही शे किलोमीटरनंतर मॅन्युअलने सांगितलेले जोड पुन्हा टॉर्कला तपासावेत, ऑइल बदलावे आणि काढलेला फिल्टर कापून त्याची घडी पांढऱ्या कागदावर उलगडून पाहावी. चमकणारे कण सापडले तर ते चुंबकाला चिकटतात की नाही ते पाहावे: चिकटणारे कण रिंग, गिअर किंवा कॅमचे असतात, न चिकटणारे बेअरिंगचे किंवा पिस्टनचे. प्लगच्या इन्सुलेटरवर ॲल्युमिनियमचे बारीक ठिपके दिसले तर नॉकिंग झाले आहे, आणि कारण सापडेपर्यंत बूस्ट मूळ पातळीवर उतरवावा. काढलेले मूळ भाग, अगदी ब्रॅकेट आणि बोल्टसुद्धा, ऑइलचा हात फिरवून आणि चिठ्ठी लावून ठेवावेत. तपासणीसाठी गाडी पुन्हा मूळ अवस्थेत आणावी लागली, तर तेच उपयोगी पडतात.